वाकड्या ट्रॅकचे वकीलपत्र

मोनॅकोची शर्यत झाली की दरवर्षी तोच खटला नव्याने उभा राहतो. २०२४ साली तर फिर्यादींच्या हाती आयते कोलीत मिळाले. पहिल्याच फेरीत अपघात झाला, लाल झेंडा लागला, थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले. मग ७८ फेऱ्या संपल्या तेव्हा पहिले दहा जण ज्या क्रमाने उभे होते त्याच क्रमाने आत आले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. असल्या ट्रॅकची आता गरजच काय, असा सूर त्या दिवशी निघाला तो अजून खाली आलेला नाही.

फिर्याद थोडक्यात अशी. शर्यत म्हणजे एकाने दुसऱ्याला मागे टाकणे. ते जिथे होत नाही तो ट्रॅक निकामी. अरुंद रस्ते, चमत्कारिक आकार, एकमेकांशी मेळ न खाणारी वळणे ही सारी जुन्या काळाची अडगळ. त्यांच्या जागी रुंद, मोजूनमापून आखलेली सर्किट हवीत. लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला कचकचून ब्रेक लावायला लावणारे संथ वळण, बाजूला ऐसपैस मोकळी जागा. मागची गाडी पुढच्या गाडीच्या आडोशाने वेग घेईल, वळणावर आत घुसेल, प्रेक्षक उभे राहतील.

कृती कागदावर बिनचूक आहे. अबू धाबीचे यास मरिना सर्किट याच विचाराने बांधले गेले. तिथे सुमारे सव्वा किलोमीटरचा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी जोरदार ब्रेकिंगही. २०१० च्या मोसमातली अखेरची शर्यत तिथे झाली. फर्नांडो अलोन्सोला विजेतेपदासाठी चौथा क्रमांक पुरेसा होता. टायर बदलून तो बाहेर पडला तो व्हिताली पेट्रोव्हच्या रेनोच्या मागे, आणि पुढच्या जवळजवळ चाळीस फेऱ्या तिथेच अडकला. त्याची फेरारी वेगवान, पट्टा लांब, वळण संथ. तरी सातव्या क्रमांकावर शर्यत संपली आणि विजेतेपद सेबास्टियन व्हेटलकडे गेले. २०२१ मध्ये त्या सर्किटची काही वळणे उखडून नव्याने आखावी लागली.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट घ्या. आखणी हर्मान टिल्के यांचीच, यास मरिनाप्रमाणे. मागचा पट्टा किलोमीटरभराचा, तिसऱ्या वळणाचे तोंड मुद्दाम रुंद ठेवलेले, जेणेकरून दोन-तीन गाड्या वेगवेगळ्या रेषेने आत शिराव्यात. चढउतारही छान. तीन वर्षे शर्यत झाली आणि तिन्ही वेळा व्हेटल जिंकला. २०११ आणि २०१२ मध्ये तर पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी त्याच्याकडेच होती. दोष सर्किटचा नव्हता, व्हेटलची रेड बुल गाडीच तशी वरचढ होती. पण मग आखणीच्या सूत्राने थरार हमखास मिळतो हा दावाही सोडून द्यायला हवा.

मुळात ओव्हरटेक मोजून शर्यतीची प्रत ठरवणे हाच पहिला घोटाळा. पाटा खेळपट्टीवर पाचशे-साडेपाचशे धावांचे डोंगर उभे राहतात. म्हणून कसोटी सामना रंगला असे म्हणणाऱ्याला आपण क्रिकेट कळत नाही म्हणतो. २०२५ पर्यंत मागचा पंख उघडून सरळ पट्ट्यावर सहज पुढे जाणारी गाडी हा आकड्यात एक ओव्हरटेक असे, पाहणाऱ्याला मात्र तो महामार्गावरचा प्रसंग वाटे.

मग ट्रॅकचे काम काय? माझे म्हणणे असे की, कोणतीही एक गाडी सगळीकडे सरस ठरू न देणे. चालकाला आणि इंजिनिअरला काहीतरी सोडून द्यायला भाग पाडणे. विक्षिप्त आखणी हे काम करते, आणि ती कुणी ठरवून केली की परिस्थितीने करवून घेतली याला फारसे महत्त्व नाही.

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनातला डार्लिंग्टन ट्रॅक पाहा. हॅरल्ड ब्रॅसिंग्टन यांनी इंडियानापोलिसची शर्यत पाहिली आणि आपल्या गावाकडे तसाच ट्रॅक करायचा ध्यास घेतला. जमीन शर्मन रॅम्सी यांच्याकडून मिळाली, पण एका अटीवर: पश्चिमेकडच्या टोकाचे छोट्या माशांचे तळे बुजवायचे नाही. शब्द पाळायचा तर त्या बाजूचे वळण आवळून घेणे भाग होते. परिणामी ट्रॅक अंड्याच्या आकाराचा झाला, एक टोक ऐसपैस, दुसरे आखूड. १९५० मध्ये तिथे पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. ७५ गाड्या होत्या. जिंकला जॉनी मँट्झ, मागच्या रांगांतून सुटलेला, साध्याशा प्लिमथ मोटारीत. इतरांचे टायर त्या ट्रॅकने खाऊन टाकले. मँट्झने ट्रकचे कठीण टायर घातले होते, ते टिकले.

आजही डार्लिंग्टनला तीच अडचण आहे, आणि मी तिला अडचण म्हणतो ते कौतुकाने. गाडी एका टोकासाठी जुळवली की दुसऱ्या टोकाला ती रुसते. वेगाची रेषा बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून जाते, त्यामुळे गाड्यांची उजवी बाजू खरवडून निघते; या ओरखड्याला तिथे ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ असे नाव पडले आहे. पाचशे मैल भिंतीपासून बोटभर अंतर राखत जायचे आणि एकदाही चुकायचे नाही. यात समजा पंधराच ओव्हरटेक झाले, तरी काय बिघडले?

पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोने हेच जाणूनबुजून केले. अडीच मैलांचा त्रिकोण, तीनच वळणे, आणि प्रत्येक वळण वेगळ्या ट्रॅकवरून उचललेले: पहिले ट्रेंटनचे, दुसरे इंडियानापोलिसचे, तिसरे मिलवॉकीचे. पहिल्याचा उतार १४ अंशांचा, तिसऱ्याचा जेमतेम ६ अंशांचा. तिन्ही वळणे खूश ठेवणारी गाडी आजवर कुणाला बनवता आलेली नाही. जो तो दोन वळणे पदरात पाडून घेतो आणि तिसऱ्यावर दात आवळून बसतो. प्रतिस्पर्ध्याचे दुबळे वळण आपल्या भक्कम वळणाशी कधी गाठ खाते याची वाट पाहणे, हाच तिथला डाव.

याउलट १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नास्कार या मोटारशर्यतींसाठी दीड मैलांचे एकासारखे एक ट्रॅक उभे राहिले. प्रेक्षकांनीच त्यांना साच्यातली बिस्किटे म्हणून हिणवले. त्याच लाटेत नॉर्थ विल्क्सबरो बंद पडले. पुढचा पट्टा उतरणीचा आणि मागचा चढणीचा असलेले ते छोटेसे ओव्हल. १९९६ नंतर तिथल्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला गेल्या. २०२३ मध्ये मात्र नास्कारला त्याच मोडक्या ट्रॅकची डागडुजी करून परत जावे लागले.

आता माझ्याच बाजूच्या काही भाबड्यांनाही आवरले पाहिजे. विचित्र ते सारे उत्तम, असे मुळीच नाही. बहरीनने २०१० मध्ये आपल्या सर्किटला संथ वळणांचे एक वेटोळे जोडून लांबी ६.२९९ किलोमीटरवर नेली. शर्यत रटाळ झाली. शर्यतीत इंधन भरायला बंदी आली ती त्याच वर्षी, हेही एक कारण होते. पण त्या वेटोळ्याने कुणाला काही ठरवायला लावले नाही, नुसता वेळ खाल्ला. फॉर्म्युला वनने ते पुन्हा वापरले नाही. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच वाळवंटात उलटा प्रयोग झाला: ३.५४३ किलोमीटरचा बाहेरचा वळसा. पात्रता फेरीत मर्सिडीजच्या बोटासने ५३.३७७ सेकंदांत फेरी मारली. पहिल्या फेरीत धक्का बसून शेवटी गेलेला सर्जिओ पेरेस ती शर्यत जिंकला. मर्सिडीजने टायर बदलताना घातलेला गोंधळ त्याच्या पथ्यावर पडला हे खरे. पण एवढ्या छोट्या फेरीत गाड्या एकमेकींपासून फार लांब जातच नाहीत, आणि मागच्याची आशा जिवंत राहते. जागा एकच, डांबर तेच. फरक पडला तो आखणीने.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. बर्लिनचा आव्हुस म्हणजे महामार्गाचे दोन समांतर पट्टे आणि एका टोकाला ४३ अंशांत उभी केलेली विटांची भिंतवजा कमान, वरच्या कडेला अडसर नाही. १९५९ मध्ये तिथे जर्मन ग्रां प्री झाली. आदल्या दिवशी जोडशर्यतीत जाँ बेरा त्या कडेवरून बाहेर फेकला गेला आणि मेला. असे ट्रॅक गेले ते बरेच झाले. पण बेराला मारले ते कठडा नसण्याने. आव्हुसचे पाप जपानच्या सुझुकाच्या माथी मारू नका. जॉन हूगेनहोल्ट्झ यांनी आखलेले ते ५.८०७ किलोमीटरचे सर्किट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे स्वतःलाच पुलावरून ओलांडते. अर्धी फेरी एका दिशेने, अर्धी उलट. त्यामुळे नेहमीच्या सर्किटांसारखा सगळा भार एकाच बाजूच्या टायरांवर येत नाही. २०२५ मध्ये तिथे पहिले सहा जण सुरुवातीच्याच क्रमाने आले, हे मी लपवत नाही. पण त्याच सुझुकावर २००५ मध्ये किमी रायकोनेन सतराव्या क्रमांकावरून सुटून शेवटच्या फेरीत जिंकला.

आणि मोनॅको? रस्ता फारसा बदललेला नाही, गाड्या फुगल्या आहेत. २०१७ पासून त्या दोन मीटर रुंद आणि साडेपाच मीटरच्या आसपास लांब झाल्या. २०२५ मध्ये दोनदा टायर बदलण्याची सक्ती करून पाहिली, तर संघांनी आपलीच एक गाडी संथ चालवून मागच्यांना अडवले. नियम ट्रॅकसाठी करायचा नसतो, गाडीसाठी करायचा असतो. २०२६ च्या नियमांनी रुंदी दहा सेंटीमीटरने कमी केली. दिशा बरोबर, माप अपुरे.

बुद्ध सर्किटवर २०१३ नंतर फॉर्म्युला वन आलेली नाही. उद्या कुणी देशात दुसरे सर्किट आखायला बसले, तर एवढेच सांगणे: जागेत टेकडी, ओढा किंवा तळे आडवे आले तर आधी त्याला वळसा घालून पाहा, बुलडोझर नंतर बोलवा.