मुलीला लस, आईला तपासणी

कंबर दुखते, गुडघा दुखतो, हे आपण चारचौघींत बोलतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे नाव मात्र घेत नाही. अंगावरून जाते, पाळी गेल्यावरही रक्त दिसते, तरी ‘वयाने होत असेल’ म्हणून कामाला जातो. या लाजेची किंमत मोठी आहे. २०२२ साली भारतात या रोगाने सुमारे ८० हजार बायका गेल्या, असा अंदाज आहे.

हा रोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, नवऱ्याकडूनही येतो. म्हणून बाईला बोल लावू नये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस २०२३ साली बाजारात आली.

‘सुईतून रोगच अंगात गेला तर?’ असे आया आम्हाला विचारतात. तसे होत नाही. या लसीत विषाणू नसतोच. यीस्टच्या पेशींकडून विषाणूच्या कवचाचे तेवढे प्रथिन बनवून घेतात. पाच-पाच प्रथिनांचा एक गट, असे ७२ गट आपोआप जुळतात आणि पोकळ कण तयार होतो. एका मिलिमीटरात असे सुमारे १८ हजार कण रांगेने मावतील! ही युक्ती जियान झोऊ व इयान फ्रेझर यांना १९९१ साली ऑस्ट्रेलियात साधली. आपला फणसच घ्या. बाहेरची काटेरी साल आहे, पण आत आठळीच नाही, तर रुजणार काय? शरीर मात्र ती साल ओळखून ठेवते आणि खरा विषाणू आला की त्याला अडवते.

या लसीचे ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, तर १५ ते २६ वयात तीन डोस देतात. मुंबईची मुलगी मे महिन्यात गावी आली की पहिला, दिवाळीनंतर दुसरा, असा हिशेब ठेवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये २० वर्षांपर्यंत एका डोसचाही पर्याय दिला आहे. डोस किती, पैसे किती, हे आरोग्य केंद्रात आधी विचारावे.

आधीच लागलेला विषाणू लसीने जात नाही. म्हणून तिशी उलटलेल्या आयांनी तपासणी करावी. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, वस्तीत काम करणाऱ्या बायकांनी सौम्य व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आमचे एवढेच सांगणे : मुलीला घेऊन आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा आपलीही तपासणी विचारून या.