तुरुंगाचा मक्ता

जकातीचा मक्ता, बाजारवसुलीचा मक्ता, नदीवरील नावेचा मक्ता हे शब्द आपल्या वाडवडिलांच्या नित्य परिचयाचे होते. तुरुंगाचाही मक्ता देता येईल, ही कल्पना मात्र त्यांना चमत्कारिक वाटली असती. अमेरिकेत ती प्रत्यक्षात उतरली. १९८३ साली टेनेसी राज्यात 'करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' ही कंपनी निघाली आणि पुढे अनेक राज्यांनी आपले कैदी अशा कंपन्यांच्या स्वाधीन केले. सरकारने दर कैद्यामागे दर दिवसाची ठरावीक रक्कम मोजावी. राखण, जेवणखाण आणि औषधपाणी कंपनीने पाहावे, असा हा व्यवहार. त्यामुळे सरकारी खर्चात बचत होईल, असे सांगितले जाई.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. परंतु ज्या धंद्याची मिळकत भरलेल्या कोठड्यांवर अवलंबून, त्यास गुन्हे घटावेत असे का वाटावे? २०१२ साली याच कंपनीने ४८ राज्यांना पत्रे धाडून त्यांचे तुरुंग विकत घेण्याची तयारी दर्शविली. अट अशी की, करार वीस वर्षांचा असावा आणि तुरुंग किमान ९० टक्के भरलेला राहील याची हमी राज्याने द्यावी. शिक्षा झालेल्या मुलांच्या संख्येवर शिक्षकाचे वेतन ठरू लागले, तर त्या वर्गात निरपराध मूल उरेल काय?

काटकसरीचे म्हणाल तर तुरुंगाचा मोठा खर्च पगारावर होतो; तेव्हा नफ्यासाठी पहारेकरी कमी करण्याचा मोह पडतो. आयडाहो राज्यातील या कंपनीकडचा तुरुंग मारामाऱ्यांमुळे इतका बदनाम झाला की, कैदी त्यास 'ग्लॅडिएटर स्कूल' म्हणू लागले. प्राचीन रोममध्ये जिवावर उदार होऊन झुंजणाऱ्यांची जणू ती शाळाच! पहाऱ्याच्या जागा रिकाम्या असताना सुमारे ४,८०० तासांची हजेरी खोटी मांडल्याचे २०१३ साली कंपनीने मान्य केले. २०१४ साली राज्याने तो तुरुंग आपल्या ताब्यात घेतला.

असे मक्ते कायद्यानेच बंद करण्याचा मार्ग काही राज्यांनी पत्करला. इलिनॉयने १९९० सालीच तसा निर्बंध घातला होता. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा करून २०२० पासून नवे करार आणि जुन्यांचे नूतनीकरण थांबविले. २०२८ पासून राज्याचा एकही कैदी खासगी तुरुंगात असू नये, असेही ठरविले. केंद्र सरकारच्या परदेशी स्थलांतरितांसाठीच्या बंदीगृहांना मात्र हा कायदा लागू करता येणार नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने २०२२ साली दिला.

या प्रश्नाचे मर्म इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली नेमके हेरले. खासगी तुरुंगास मुभा देणारा २००४ चा कायदा त्याने रद्द ठरविला. तेथील सोयी सरकारी तुरुंगाहून बऱ्या असतील की वाईट, यावर न्यायालयाने भर दिला नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या हाती माणसाचे स्वातंत्र्य सोपविणे हाच त्याच्या मनुष्यत्वाचा अवमान होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

सरकारी तुरुंग म्हणजे नंदनवन नव्हे, हेही आम्ही जाणतो. कॅलिफोर्नियातील सरकारी तुरुंगांत इतकी दाटी झाली होती की, कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास २०११ साली कायम करावा लागला. याच दाटीपायी राज्याने हजारो कैदी परराज्यांतील खासगी तुरुंगांत पाठविले होते. तेव्हा मक्ता रद्द केल्याने सारे दोष मिटतील, असा भ्रम नको. पण सरकारी तुरुंगातील अन्यायाचा जाब विधिमंडळात विचारता येतो, मतपेटीतून सत्ताधीशांना घरी बसविता येते. कंपनीचे संचालक आधी भागधारकांना बांधील असतात.

शिक्षा न्यायाधीश सुनावतो, परंतु ती सुनावली जाते साऱ्या समाजाच्या नावाने. ती अमलात आणण्याचे अप्रिय काम समाजाने स्वतःच केले पाहिजे. ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले की, त्या भिंतीआड काय चालते ते पाहण्याची आपली सवयही सुटते. आमच्या मते, या कायद्यांचे खरे मोल त्या सवयीच्या रक्षणात आहे.