डबा उघडून तर पाहा

घरातला कॉम्प्युटर मंद चालू लागला, की एकच वाक्य ऐकू येते : "आता हा जुना झाला, नवा घ्यायला हवा." आमच्या भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये, हे वाक्य अलीकडे फार ऐकू येते. 2020 च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी बचत मोडून टेबलावरचा कॉम्प्युटर घेतला. कोणी नवा घेतला, कोणी जुन्या बाजारातून आणला. आज तोच कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लावतो. दुकानदार म्हणतो, "चाचा, यात आता काही राहिले नाही." आणि अब्बा पुन्हा हप्त्यांचा हिशेब करू लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, नवा घेण्याआधी जुन्याचा डबा एकदा उघडून पाहिलाच पाहिजे, असे माझे मत आहे. तो तुम्ही स्वतः उघडावा, मात्र घरातील मोठ्या माणसांच्या देखत.

"कॉम्प्युटर जुना झाला" म्हणजे नेमके काय जुने झाले? विरारच्या कारशेडमध्ये लोकल गाड्या दुरुस्तीला जातात. एखादा भाग झिजला तर तेवढाच बदलतात, सगळी गाडी भंगारात काढत नाहीत. शिलाई मशीनचा पट्टा तुटला तर अम्मी पट्टा बदलते. 'दुरुस्ती' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटायचे कारण नाही, उर्दूतला 'दुरुस्त' तोच. मग कॉम्प्युटरच्या बाबतीतच आपण हा शब्द का विसरतो?

टेबलावरचा कॉम्प्युटर मुळात सुट्या भागांचाच बनलेला आहे. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा ठेवल्या होत्या. त्याची तांत्रिक माहितीही कंपनीने छापून विकली. त्यामुळे दुसरे कारखाने त्याला जुळणारे भाग बनवू लागले. पुढे 1995 मध्ये इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाची मापे ठरवली. म्हणूनच एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसतो. काही नामांकित कंपन्यांच्या छोट्या डब्यांत मापे निराळी असतात, हे खरे. मोबाइलमध्ये आणि हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डालाच सोल्डर करून टाकतात, ती बदलताच येत नाही. टेबलावरच्या साध्या डब्याने मात्र ही मोकळीक अजून राखली आहे. ती आपण वापरत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

सर्वांत स्वस्त दुरुस्तीपासून सुरुवात करू. पुष्कळदा कॉम्प्युटर सुरू होतो, पण घड्याळ चुकीचे दाखवतो. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. मग इंटरनेटवरील पाने उघडत नाहीत, 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा येतो आणि घरात सगळे म्हणतात, व्हायरस शिरला! खरे कारण बोर्डावरील नाण्याएवढा सेल असतो. त्याच्यावर सीआर 2032 असे लिहिलेले असते. वीज बंद असताना तो आतले घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित पानाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि चुकीच्या तारखेमुळे ते प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटे वाटते. हा सेल चहा-समोशाच्या किमतीत मिळतो. त्यापायी कोणी कॉम्प्युटर विकायला काढला, तर आपल्याला विज्ञान शिकवून काय उपयोग झाला?

दुसरी गोष्ट मेमरीची, म्हणजे रॅमची. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकच टेबल असते. त्यावरच जेवण, त्यावरच गृहपाठ. टेबल भरले की वह्या उचलून कपाटात ठेवाव्या लागतात आणि हव्या असतील तेव्हा पुन्हा काढाव्या लागतात. रॅम हे टेबल, हार्ड डिस्क हे कपाट. रॅम अपुरी पडली की कॉम्प्युटर सारखा कपाटाकडे धावतो आणि आपल्याला तो मंद वाटतो. चार जीबीच्या जागी आठ जीबी केली की ही धावपळ पुष्कळ कमी होते.

कधी कधी रॅम बदलावीही लागत नाही. जेसल पार्कच्या एका अंगाला खाडी आहे. चौपाटीवर संध्याकाळी बसलात तर हवेतला खारेपणा जिभेला लागतो. अशा दमट, खाऱ्या हवेत धातूवर मळ लवकर धरतो, त्यात रस्त्याची धूळ. डबा सुरू केल्यावर नुसती 'पीं पीं' येते आणि पडदा काळाच राहतो, तेव्हा रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे टोक खोडरबराने हलक्या हाताने पुसावे आणि पट्टी पुन्हा दाबून बसवावी. दोन्ही बाजूंच्या कड्यांचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. कॉम्प्युटर सुरू झाला तर ठीक, नाही झाला तर पुढचा विचार करावा. कारागीरही पहिल्यांदा हेच करून पाहतात. फरक एवढाच, की ते त्याचे पैसे घेतात आणि आपण विचारत नाही.

सर्वांत मोठा फरक मात्र डिस्क बदलल्याने पडतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला 7200 वेळा, आणि एक बारीक सुई तिच्यावरून मजकूर शोधत फिरते. एसएसडी या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नाही. म्हणून पाच मिनिटे घेणारा डबा मिनिटाच्या आत सुरू होऊ शकतो. पण घाई करू नका. आधी फोटो, दाखले, गुणपत्रिका यांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. पैसे गेले तर पुन्हा मिळतात, दादीचा फोटो मिळत नाही.

हे भाग घ्यायला मुंबईतली जुनी जागा म्हणजे लॅमिंग्टन रोड. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव आहे. रस्त्याचे आताचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बाजारात ते कोणी घेत नाही. भाईंदरहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरले की थोडे चालावे लागते. जाताना जुनी पट्टी कागदात गुंडाळून खिशात ठेवावी. डीडीआर 3 आणि डीडीआर 4 यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. नमुना हातात असला की फसवणूक होत नाही. पक्के बिल मागावे. "बिल कशाला, घरचेच समजा," असे कोणी म्हटले तर पुढचे दुकान गाठावे.

मोठ्यांची भीती अगदीच खोटी नाही. वीज ती वीजच. म्हणून आधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. वीज पुरवणारी लोखंडी पेटी मुळीच उघडायची नाही, कारण प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते. ती बिघडली तर अख्खी बदलायची. आतल्या भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. वॉरंटी चालू असेल तर डब्याला हातच लावू नये, कंपनीकडून काम करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. डबा उघडला की पेचकस भावाच्या हाती आणि टॉर्च बहिणीच्या हाती. असे का? बारीक स्क्रू फिरवायला मिशा लागत नाहीत.

सुटे भाग बदलून सगळेच सुटते, असेही नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, रॅम कितीही वाढवली तरी. अशा डब्यावर लिनक्स घालता येते. ते फुकट मिळते आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही टाइप करता येतात. केरळातील सरकारी शाळांतले कॉम्प्युटर कित्येक वर्षे लिनक्सवर चालत आहेत. पण बोर्डच जळाला असेल आणि त्याच जातीचा बोर्ड मिळत नसेल, तर तो हट्ट सोडावा.

काढलेले भाग मात्र उकिरड्यावर जाता कामा नयेत. तारा जाळून तांबे काढतात, तो धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणी झालेल्या केंद्राकडेच जायला हवा. हार्ड डिस्क देण्याआधी तिच्यावरील सगळे पुसून टाका, नाहीतर घरातल्यांची आधार कार्डे भंगारवाल्याबरोबर गावभर फिरतील. मेमरीची चालू पट्टी तर टाकूच नका. 2025 च्या अखेरीस मेमरीच्या किमती जगभर चढल्या, त्यामुळे तुमच्या डब्यातून निघालेली चार जीबीची पट्टी शेजारच्या घरी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.