पदवीचा आधार, की पदवीचा धाक?

परगावचा अनोळखी धर्मगुरू आपल्या चर्चमध्ये पवित्र मिस्सा अर्पण करू इच्छितो, तेव्हा त्याने वरिष्ठांचे वर्षभराच्या आतील पत्र दाखविल्यास त्याला वेदी खुली करावी, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ९०३ वे कलम सांगते. ते पत्र मागण्यात आजवर कोणाला अपमान वाटलेला नाही. मग विकिपीडियावर हीच विचारणा अपमानास्पद का ठरावी?

जुलै २००६ मध्ये 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाने 'एस्जे' या टोपणनावाच्या एका विकिपीडिया संपादकाची ओळख करून दिली. ईशज्ञानाचे प्राध्यापक, डॉक्टरेट, धर्मसंहितेचे जाणकार! कॅथलिक विषयांवर ते अधिकारवाणीने लिहीत. एका वादात तर त्यांनी एका बाळबोध लोकप्रिय पुस्तकाची बाजू घेताना, आपण ते विद्यार्थ्यांना नेमतो आणि आपली डॉक्टरेट त्याच्यासाठी पणाला लावू, असे ठणकावले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये साप्ताहिकाने खुलासा छापला : वय २४, उच्च पदवी नाही, अध्यापन कधीच नाही. संस्थापक जिमी वेल्स यांनी प्रथम हे टोपणनावापुरतेच मानून सोडून दिले. वादांत त्या पदवीचा वापर झाल्याचे कळल्यावर त्यांनी राजीनामा मागितला. पदव्या पडताळण्याची त्यांची सूचना मात्र संपादकवर्गाने स्वीकारली नाही.

कारण काय दिले जाते? मजकूर संदर्भावर तोलावा, लेखकावर नव्हे. हे मला अर्धेच पटते. पदवीच्या धाकाने समोरचा गप्प बसला, की संदर्भ उघडून पाहणार कोण?

कोणी म्हणेल, तुकोबांकडे कोणती पदवी होती? रामेश्वरभट्टांनी त्यांचा अधिकार नाकारला, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांची समाधी तर आपल्याच मावळात, सुदुंबऱ्याला आहे. ते तेली होते. अगदी मान्य. पण या दोघांपैकी कोणी आपण काशीचे पंडित असल्याचे कधी सांगितले होते का? पदवी नसणे हा दोष नव्हे. नसलेली पदवी सांगणे हा दोष आहे.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते. प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागील 'तर्कतीर्थ' हीसुद्धा कलकत्त्याला परीक्षा देऊन मिळविलेली पदवी. चूक सापडली तर कोणाला विचारायचे, हे वाचकाला कळत होते.

तरीही प्रत्येकाची प्रमाणपत्रे तपासा, असे मी म्हणत नाही. विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगर यांनी खऱ्या नावांचा आणि तज्ज्ञांचा 'सिटिझेंडियम' काढला. तो लहानच राहिला. माझी मागणी एवढीच की, मराठी विकिपीडियावर जो आपली पदवी मिरवतो त्याने तिचा पुरावा प्रचालकांना खासगीत दाखवावा. नाव गुप्त राहिले तरी चालेल. पुरावा नसेल, तर ती ओळ पुसावी. आणि वराळे-तळेगावच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तेथून टिपणे काढताना, लेखाच्या तळाशी संदर्भ दिले आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.