पाण्याचा तांब्या आणि ‘काला’



परवा आम्ही मंडळी लेण्याद्रीला गेलो होतो. आदल्या रात्री जुन्नरला पाहुण्यांकडे मुक्काम होता. तिथे पोरांनी टीव्हीवर ‘काला’ लावला. रजनीकांतचा हा तमिळ चित्रपट २०१८ सालचा, दिग्दर्शक पा. रंजित. आम्ही तो हिंदीत पाहिला. धारावीची जमीन पुढाऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून वस्ती उभी राहते, एवढीच कथा. बाकी हाणामारी भरपूर. सकाळी पायऱ्या चढून बौद्ध भिक्खूंची लेणी पाहिली, खाली येऊन डबे सोडले आणि विषय निघाला तो रात्रीच्या सिनेमाचाच.

पोरे खूश. जीपच्या पाटीवरचे बी. आर. १९५६ त्यांनी लगेच हेरले होते. विहार पडद्यावर आला तेव्हा एकाने शिट्टी मारली, त्यावरून त्याला आईने झापले होते. एका भाऊंचे म्हणणे निराळे : “खलनायक मराठीच का दाखवावा? नाना पाटेकरच सापडला?” त्यावर गिरणीतून निवृत्त झालेले मामा म्हणाले, “अरे, आमची खोली खाली करायला आलेला काय मद्रासी होता का?” भाऊ गप्प झाले. रजनीकांत स्वतः मूळचा शिवाजीराव गायकवाड, हे कुणीतरी मध्येच सांगितले.

आजी इतका वेळ भाकरी मोडत होत्या. त्या म्हणाल्या, “तो नाना त्यांच्या घरी येतो आणि पाणी घेत नाही, ते पाहिलं का कुणी?” कुणीच नीट पाहिले नव्हते. पोरे पुढच्या मारामारीची वाट पाहत होती. “आमच्या गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे,” एवढेच त्या बोलल्या. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्यायल्याचे आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो, पण त्या एका प्रसंगावर आमची नजर ठरली नाही, याची आम्हाला लाज वाटली.

बायकांना अंजली पाटीलची पुयल आवडली. तिची सलवार ओढली जाते तेव्हा ती कपड्याकडे न जाता हत्याराकडे हात नेते. जरीनाचे जुने प्रेम मात्र उगाच लांबवले आहे, असे आमचे मत.

संगीत संतोष नारायणन यांचे. त्यात धारावीच्याच पोरांच्या डोपाडेलिक्स या संचाचे रॅप आहे. मामांना तो नुसता गोंगाट वाटला. त्यांचे कान वामनदादांच्या गाण्यांवर वाढलेले. पण त्याच साली जानेवारीत रंजित यांच्या पुढाकाराने चेन्नईत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या संचाने गाणी केली, त्यात पराई वाजली. पराई म्हणजे आपल्या हलगीचीच बहीण, तिलाही तिकडे तसेच हिणवले गेले. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, “मग एकदा ऐकव.”

धारावीत राहणाऱ्या आमच्या एका बहिणीने मात्र सिनेमावर काहीच मत दिले नाही. २०२३ साली राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासाचे काम अदानी समूहाला दिले. तेव्हापासून ती २००० सालच्या आधीचे पुरावे गोळा करते आहे. तिची खोली माळ्यावरची. ती फक्त म्हणाली, “काला कागद मागत नाही, ते बरं आहे.”

ज्यांनी हा चित्रपट पाहिला असेल त्यांनी आम्हाला जरूर लिहावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच लिहावे.