पथ्याचा छापील कागद

मधुमेहाचे निदान झाले की गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक छापील कागदही अनेकदा हातात पडतो. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके, सायंकाळी सफरचंद, रात्री सूप आणि कोशिंबीर. दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्या व्यापाऱ्याला तोच कागद आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरालाही तोच. आमच्या मते याला पथ्य म्हणणे चुकीचे आहे.

मजुराचेच पाहा. पहाटे कोयता घेऊन निघणारा माणूस ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दोन फुलक्यांवर राबला, तर रक्तातील साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, फडातच भोवळ येते. त्याची भाकरी कमी करण्याआधी गोळीची आणि जेवणाची वेळ जुळवायला हवी. व्यापाऱ्याचा प्रश्न वेगळाच. त्याच्या दिवसभराच्या गोड चहांचा आणि फरसाणाचा त्या कागदावर उल्लेखही नसतो!

किडनी बिघडलेली असेल तर चूक आणखी महागात पडते. नारळपाणी एरवी चांगलेच, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. दुबळी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालक, मेथी एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे.

शरीरेही सारखी नसतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो एकत्र छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! २०१५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने ८०० जणांची साखर आठवडाभर मोजली, तेव्हा एकाच पदार्थाने कोणाची साखर खूप वाढली तर कोणाची जेमतेम.

याचा फायदा घेत आता जनुकांची तपासणी करून आहार सांगणारे आणि पावडरीचे महागडे डबे विकणारे पुढे आले आहेत. बहुतेकांना त्याची गरज नाही. जेवण किती वाजता होते, घरात भात जास्त की भाकरी, उपास कोणते, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन ‘आज काहीच खाल्ले नाही’ म्हणणारे रुग्ण थोडे नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.) ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी साखर मोजून पाहावी. कोणता पदार्थ आपल्याला सोसत नाही, ते आठवड्याभरात ध्यानात येऊ लागते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना चार दिवसांचे खाणे, गोळ्यांच्या वेळा आणि क्रिएटिनिनचा शेवटचा अहवाल बरोबर न्यावा. आहारतज्ज्ञ जवळ असतील तर त्यांना दाखवावा. आणि स्वयंपाक जी व्यक्ती करते तिलाही सोबत न्यावे, कारण भाजीत तेल किती पडते हे तिलाच ठाऊक असते.