छपरावरची शाळा आणि हरवलेले अंगण

टोकियोच्या पश्चिमेस ताचिकावा येथे फुजी बालकमंदिराची इमारत २००७ साली उभी राहिली. ताकाहारू व युई तेझुका या वास्तुविशारद दांपत्याची ही रचना. इमारत लंबवर्तुळाकार, मध्यभागी अंगण, आणि छप्पर हेच मुलांचे क्रीडांगण! त्याचा बाहेरचा घेर १८३ मीटर. कोठेच शेवट नसल्यामुळे मूल धावू लागले की धावतच राहते. जुनी तीन झाडे न तोडता छपरातून वर काढली आहेत. वर्गावर्गांमध्ये भिंती नाहीत. गलका होतो, पण मुलांना तोच मानवतो, असे तेझुकांचे मत.

जपानचे कौतुक जपानला शोभते, असे कोणी निपाणीकर म्हणेल. आम्हांस ते अर्धेच पटते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस हाच विचार निराळ्या रीतीने केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी! अंगणवाडी हे नाव त्यातूनच आले. पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ते देशभर नेले. नाव गेले, अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी वाटेतच राहिले. एकाच खोलीत शिधा, तेथेच भांडी, तेथेच बाराखडी.

निपाणीस ही गोष्ट अधिक बोचते. येथे कित्येक आया घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात पाने व तंबाखू, आणि रांगते मूल त्याच खोलीत, त्याच धुळीत. अशा मुलाला काही तास मोकळी हवा मिळणे ही चैन नव्हे.

छपरावर मुले धावविण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. बेळगावचा पाऊस छपरावर खेळू देणारा नव्हे. पण मधला चौक आणि सभोवार रुंद ओसरी आपल्या जुन्या वाड्यांत होतीच. पावसाळ्यात मुले ओसरीवर, उघडीप पडताच चौकात. शिवाय अंगणवाडीत माणसे दोनच, सेविका आणि मदतनीस. चौकाभोवती बांधणी असली तर एका नजरेत सारी मुले दिसतात, आणि रस्त्याकडे जाणारे दार एकच राहते. नव्या अंगणवाडीचा नकाशा मंजूर करताना अभियंत्यांनी भिंतींचा थोडा खर्च या ओसरीकडे वळवावा. सेविकेला मात्र आधी विचारावे. पाणी कोठे साचते हे तिलाच ठाऊक असते.